बुधवारी रात्री

उद्या गुरुवार. पाणी नाही.
एरंडवण्यात गॅलरी-गॅलरीतून
पिंपं भरल्याचा आवाज येतोय
आणि मी रक्तपेढीच्या मागच्या खोलीत
फरशीवर मांडी घालून बसले आहे
एका कोऱ्या डिस्कसमोर.

पूर्वी इथे चहा व्हायचा.
ओट्याच्या जागी आता रॅक आहे,
एसीचं पाणी मात्र अजून
त्याच जुन्या पातेल्यात ठिबकतं.

पिशव्यांचा हिशेब वेगळीकडे असतो,
कुठला गट, कुठला फ्रिज, कुठली परवा बाद.
या डिस्कवर फक्त एवढंच :
जाग कशी यायची,
आधी काय, मग काय.
सर्व्हर चालू असतानाच, त्याला न उठवता,
त्याचं उठणं उतरवून घेते आहे.

तांबोळी सरांच्या वहीत लाल शाईने :
'नक्कल झाली की तिचा नंबर बदलणे.'
खाली दोन रेघा.
कारण ती तंतोतंत असते, हीच तर अडचण.
नंबर तोच राहिला तर उठेल,
आणि डोळे चोळत
शिरेल शेजारणीच्या घरात,
तिच्याच कपबशा, तिचाच पसारा वापरेल;
आपण म्हणू, वा, चाललं की!
शेजारीण गेली त्या दिवशी कळेल
ही स्वतःच्या पायावर कधी उभीच नव्हती.

छत्तीस अक्षरं.
पिशवीवरचा नंबर इथे दोघांनी वाचायचा असतो,
एकाने मोठ्याने, एकाने बोट ठेवून.
रात्रपाळीला दुसरं कोण?
घारेमामा चष्मा शोधतात, स्टूल ओढतात.
"चार. सी. नऊ. नऊ. बी..."
थांबतात.
"बी पॉझिटिव्ह का निगेटिव्ह?"
हसण्यात माझी ओळ चुकते.
पुन्हा पहिल्यापासून.

रेगे डॉक्टर म्हणाल्या होत्या,
चालू आहे ते बंद कशाला करतेस?
तरी वीस मिनिटं दिली, अडीचपासून.
काउंटरवर सुफलाने रजिस्टर उघडून
कार्बन घातला आहे.
मी बंद करते.

पंखे थांबतात.
नऊ वर्षांत ही खोली
पहिल्यांदाच मला ऐकू येते :
पातेल्यात थेंब. मामांचा श्वास.
माझ्या कानातलं काहीतरी.

जुनी डिस्क ओढून काढते, कोमट आहे,
टेबलावर रुमालावर ठेवते.
बटण.

काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकते.
बराच वेळ तेवढंच करते.
"गेलं?" मामा विचारतात.
थांबा.
"पण..."
मामा, थांबा हो.

मग ओळी येतात, पावशेर, अर्धा किलो,
मग भसाभसा,
आणि शेवटी तो आपलं नाव सांगतो : नागझरी.
(तांबोळी सरांनी सगळ्या मशिनांना
ओढ्यांची नावं दिली होती.)
कशावर उभा आहेस, विचारते.
नवा नंबर. मामा कागदाशी ताडून बघतात,
प्रत्येक अक्षरावर पेन्सिलीची टिंब.

तीनला दहा कमी. सुफला कार्बन काढते.

रुमालावरचीला आता काय म्हणायचं?
चिठ्ठीवर 'दुसरी' लिहिते,
खोडते, नुसती तारीख टाकते.

बाहेर कुणाचं तरी पिंप भरून वाहतंय.
मामा चप्पल शोधत
नळ बंद करायला निघतात.