सव्वाचार

खिडकी उतरवताना आधी पुटीन खरवडायचं,
मग खिळे, मग चौकट थोडी थोडी सैल,
दाढेसारखी.
घाई केली की शिसं वाकतं.
शिसं मऊच असतं, नखानं दबतं,
इतकी वर्षं काचा धरून राहतं ते
ताकदीनं नव्हे.

माझगावातलं घर. पाडायचं ठरलेलं.
जिन्यावरची ही खिडकी, नऊ फूट उंच:
पिवळी नासपती, हिरवी पानं, आणि मधोमध एक पक्षी,
इथल्या कुठल्याच झाडावर न बसणारा,
विलायतेहून पेंढ्यात बांधून आलेला.
ताहेरभाईंच्या तीन पिढ्या ह्याच धंद्यात;
खालूनच ओरडले, "पक्षी सांभाळ. पैसे पक्ष्याचे."

कोपऱ्यांत अजून काळा रंग होता,
लढाईतला, विमानांना घर दिसू नये म्हणून फासलेला.
मी पात्यानं सोलत होतो
आणि सोलता सोलता सापडला तो तुकडा:
पंखाखाली, आभाळाच्या जागी,
निळा, पण वेगळाच निळा. जाड. किंचित बाकदार.
उलट्या अक्षरांचा अर्धा शब्द त्याच्यावर उठलेला.

एस्पेरान्सबाय तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या.
सामान गेलेलं, त्या राहिलेल्या.
"औषधाची बाटली ती," म्हणाल्या.
"गोदीत स्फोट झाला तेव्हा एवढीच काच गेली.
पप्पांनी बाटली फोडली, घासत बसले आठवडाभर.
मम्मीचं पोटदुखीचं औषध सांडलं त्यात.
ते भांडण आठवतं मला.
स्फोट नाही आठवत."

मग विचारलं त्यांनी,
किंमत नाही, गिऱ्हाईक नाही,
"जिथं लावणार, तिथं तोंड पश्चिमेला आहे का?"
कारण लाल ठिपका कपाटाच्या पायाशी आला की सव्वाचार,
चहा ठेवायचा.
पावसाळ्यात चहाला उशीर व्हायचा.

"माहीत नाही," मी म्हणालो.
माहीत होतं.

लोअर परळ. गिरणीच्या आवारातलं हॉटेल.
भिंतीत खोबण, खोबणीत दिव्यांच्या पट्ट्या,
पाठीमागं वीट.
बाटलीचा तुकडा काढायचा हुकूम होता;
काढला. त्या जागी शोभेलसं निळं बसवलं.
इंटीरियरवाल्या पोरीनं बटण दाबलं.
पक्षी पेटला.
सगळे वा म्हणाले, मीही म्हणालो,
काम चांगलंच झालं होतं.
समोरच्या टेबलावर लाल उजेड पडला
आणि तिथंच राहिला.
सात वाजले, आठ वाजले,
टेबलावर सव्वाचारच.

तुकडा मी घरी आणला.
चोरी म्हणा. ताहेरभाईंच्या वहीत त्याच्या नावे ओळ नाही.
प्रतीक्षानगरात आमची एकच खिडकी, समोर दुसरी इमारत,
दोहोंच्या फटीतून ऊन येतं पावणेनऊ ते नऊ.
गजाला तारेनं अडकवला.
इकडून पाहिलं तर अक्षरं सुलटी लागलीत,
शब्द अर्धा तो अर्धाच.
निळा ठिपका आधी मीटरवर, मग कॅलेंडरवर,
मग पिठाच्या डब्यावर चढतो,
तिथून बायकोच्या कोपरावर.
ती पोळ्या लाटत असते, सरकत नाही.

हे काय, कुठून आणलं, काही विचारलं नाही तिनं.
काल फक्त म्हणाली,
"आज मीटरवर यायला उशीर झाला."