वाऱ्याचा दर

बिदियाच्या पुढे डांबर संपतं
आणि माझी वही सुरू होते.

चेनेज चार तीनशे : खोदाईचा छेद अडतीस पूर्णांक सहा.
चार तीनशे पंचवीस : एक्कावन्न पूर्णांक चार.
बेरीज नव्वद, निम्मे पंचेचाळीस,
गुणिले पंचवीस मीटर.
अकराशे पंचवीस घनमीटर वाळू
एका ओळीत मावते, वर शेऱ्याचा रकाना उरतो.
दर साडेचारशे बैसे.
बैसा म्हणजे आपला पैसाच,
खारं पाणी लागून जरा मऊ पडलेला.
हजार झाले की रियाल.

हे गणित मी कॉलेजात नाही शिकलो.
अण्णा मुकादम होते, आटपाडीकडच्या एका पाझर तलावावर.
खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता सोडायचे,
त्याला म्हणायचे साक्षीदार.
जमीन आधी इथवर होती,
एवढंच तो सांगायचा.
त्याच्या उंचीवर ब्रास, ब्रासवर मजुरी.
बायका आदल्या रात्री त्याच्या डोक्यावर
चार बोटं माती थापायच्या, वर गवताचा झुबका.
उपटून लावलेलं गवत दुपारी मान टाकतं.
अण्णा मापं सकाळी घ्यायचे.

वाळूत साक्षीदार उभा राहत नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा लेव्हल लावली.
मोझम्मेल स्टाफ धरून टेकडीवर, घोट्यापर्यंत आत,
तोंडाला गमछा, फक्त डोळे बरिसालचे.
चार तीनशे : एकोणतीस.
चार तीनशे पंचवीस : पंचेचाळीस.
दोनदा तपासलं, बुडबुडा मध्यावरच होता.
नऊशे पंचवीस.
दोनशे घनमीटर गेले कुठे?
सत्तर ब्रास, आणि वर थोडी.
नव्वद रियालचं काम,
मोझम्मेलचा अख्ख्या महिन्याचा पगार,
आणि करणाऱ्याकडे ना लेबर कार्ड, ना डबा.

बाबिकर साहेब फोनवर हसले, खार्तूमचं संथ हसू.
'पाच टक्के वाढव. कारण लिहू नकोस.
इथे वाऱ्याचं बिल कुणीतरी भरतंच,
आपण नको भरायला.'

वाढवले.
पाण्याचे टँकर धरले, दाबाईला दर थराला आठ फेऱ्या,
भरावासाठी बाहेरची माती, एकवीस किलोमीटरवरून.
वाळू खणली की फुगते, दाबली की बसते,
तो गुणकही घातला.
उडून गेली तर काय घालायचं,
ते कुठल्याच तक्त्यात नाही.

संध्याकाळी खलफानने पिकअपच्या चाकांत हवा भरली.
टायर फुगेपर्यंत सहज बोलला,
ही टेकडी त्याच्या आजोबांच्या वेळी पलीकडे होती,
त्या घाफच्या झाडाच्या मागे.
त्या झाडाखाली ते उंट बसवायचे,
शेंगा शेळ्यांना.
'कुठल्या झाडाच्या?'
त्याने हाताने टेकडीच दाखवली.
'आत आहे.'
मोझम्मेलने स्टाफ घडी करता करता थांबवला.
आम्ही तिघं त्या अकराशे पंचवीसकडे बघत राहिलो,
म्हणजे नऊशे पंचवीसकडे.

रात्री कॅम्पात एसीच्या गुरगुरीत वही उघडली.
खोदाई, भराव, वाहतूक, दाबाई.
त्याखाली एक बाब सगळेच टेंडरवाले
न वाचता शून्य टाकून सोडतात :
वाटेतली झाडे, घेर तीस सेंटिमीटरच्या वर,
न तोडता राखणे.
परिमाण : नग.

बुधवारी बाबिकर साहेबांनी बोट ठेवलं.
'हे एक कुठून आलं? मी साइट पाहिली आहे.
तिथे काडी नाही उगवत.'

'सकाळचं माप आहे,' मी म्हणालो.