पोळं

गाडी दोन हजार चारची. मी तिच्याखाली
पोत्यावर उताणी, डोळ्यांवर वेल्डिंगचा जुना चष्मा,
कारण गंज वर बघणाऱ्याच्याच डोळ्यात पडतो.
जॅकवर भरवसा नाही, म्हणून बाभळीचे दोन ओंडके
आणि मागच्या चाकाला वरवंटा.

महिनाभर सडक्या अंड्यांचा वास मारत होती.
मायणी रोडच्या चढाला दम लागायचा,
आणि सुरू करताना पोटात खडे वाजायचे.
पीयूसीवाल्या पोरानं नळी घातली, आकडा बघितला,
मान हलवली
नातेवाइकांकडे न बघता डॉक्टर हलवतात तशी.

काल रात्री चारी बोल्टांना डिझेल पाजून ठेवलं.
तीन आले. कुरकुरत, पण आले.
चौथ्याला चौदाचा पाना, पान्याला पाइप,
पाइपला माझं सगळं वजन,
आणि टक्.
हा आवाज कानाआधी मनगटाला कळतो.
मी एक शिवी दिली. पलीकडच्या शेडमध्ये
माग चालू होते, त्यांनी ती विणून टाकली.

"कुंदे, तुकडा तापव त्यो," वरून आवाज.
जालिंदरमामा पायरीवर, गुडघ्यावर टॉवेल, हातात बशी.
"लोखंड रागानं ऐकत न्हाई. ऊन केलं की ऐकतं."
माळ्यावरचा त्याचाच दिवा काढला, पितळी, पंपाचा.
सेलमला एका जिन्याखालच्या गाळ्यात
हाच दिवा, तेजाबाच्या बरण्या, ओळीनं मुशी;
सोनारांच्या झाडलोटीतून तो
दुसऱ्यांचं सोनं वेगळं काढत बसायचा.
विट्यातल्या आमच्या आळीचे निम्मे स्लॅब
असल्याच गाळ्यांवर पडलेत.
आमचाही.

तुकडा निघाला. डबा खाली आला.
घमेल्यात उपडा केला तर आतून पोळं पडलं,
माश्या कधीच नसलेलं,
करड्या मातीचं, बारीक चौकोनी घरांचं,
निम्मं वितळून काच झालेलं, निम्म्याचा चुरा.
भंगारवाला इलाही फोनवर बाराशे म्हणाला.

मामा घमेल्याकडं सरकला. एक तुकडा उचलला,
नखानं खरवडला, तळहातावर जोखला.
त्या हाताला अजून काटा लागत नाही.
"ह्यात पलाटिनम हाय. बाराशेला देऊ नगंस."
मग जरा थांबून,
"पण गाडीला दागिना कशापायी?"

मी सांगितलं : इंजिनाचं विष या घरांतून जातं,
भिंतींना तो धातू लावलेला, विष तिथं बदलतं,
बाहेर पडतं ते माणसाला सोसेल असं.
"आन ह्ये सोता?"
मंदावतं. बुजत जातं एकेक घर.
"किती वर्सं?"
हिचं वीस चाललं.

त्याला खोकला आला.
बशी लांब धरून त्यानं तो पुरता होऊ दिला,
घाई केली नाही.
"माजी बत्तीस," म्हणाला,
आणि तुकडा परत घमेल्यात ठेवला,
टाकला नाही, ठेवला.

नवा डबा कोल्हापूरहून आलेला.
बसवण्याआधी मी तोंडात बॅटरी मारून पाहिली :
इतक्या खिडक्या, आणि सगळ्या उघड्या.
गॅसकेट, स्प्रिंगा, सेन्सर. तुटलेल्याच्या जागी
खिळ्यांच्या डब्यातला एक बोल्ट, अर्धा इंच लांब,
तो तसाच बाहेर राहिला, राहू दे.

चावी फिरवली. नव्या रंगाचा जळका वास,
थोडा पांढरा धूर, मग नुसती धडधड.
मामा भिंत धरत मागं गेला, वाकला,
सायलेन्सरच्या तोंडापुढं तळवा उघडा धरला,
झोपलेल्या पोराचा श्वास बघतात तसा.
थेंब पडले. त्यानं वास घेतला.
"पानी हाय," म्हणाला,
आणि हात किती तरी वेळ पुसला नाही.

घमेलं अजून जिन्याखाली आहे.
इलाही दोनदा येऊन गेला.
आता अठराशे म्हणतो.