पक्ष, साध्य

वहीत त्याने पक्ष लिहिला होता,
साध्यही लिहिलं होतं,
त्याखाली ‘सिद्धता’ आणि दोन टिंबं.
मग पान कोरं.

तीन आठवडे असंच.
नारीनमध्ये जानेवारीत पेनातली शाईसुद्धा आखडते,
म्हणून आधी मी काही बोललो नाही.
बेक्तूर शेवटच्या बाकावर, कॉलर नाकापर्यंत.
हाक मारली की आधी हनुवटी झाकायचा,
मग उभा राहायचा.
बत्तीस वर्षं भूमिती शिकवतोय मी.
मला वाटलं, पोरगं तंबाखू लपवतंय.

गुरुवारी वसतिगृहात गेलो, ओरडायलाच.
मोरीपाशी, आरशाच्या तुकड्यासमोर तो.
गालाला वर्तमानपत्राचे कपटे चिकटवलेले,
प्रत्येकाखाली एक लाल टिंब.
हातात कुणाचं तरी टाकलेलं पातं,
ना पाणी, ना साबण.
“मुलं हसतात, अगाय,” म्हणाला.
एवढंच.

आई येकातेरिनबुर्गला, शिवणकारखान्यात.
रविवारी फोन येतो, सात मिनिटांचा.
वडिलांबद्दल तो बोलत नाही, मी विचारत नाही.
आणि आईला फोनवर काय विचारणार,
गाल कुठून सुरू करायचा?

ओरडायचं राहूनच गेलं.
किटलीतलं चहाचं पाणी घेतलं.
चौकीदाराकडून नवं पातं आणलं उसनं;
“उद्या देतो” म्हणालो त्याला,
पातं काय कुणी परत घेतं?
मग साबणाचा फेस करत, सवयीने,
विचारलं, “त्वचेशी कोन किती?”
तो बघत राहिला.
तीस अंश, बाळा.
वाढला तर रक्त, घटला तर केस तसेच.
जोर लावायचा नाही, कोनाला काम करू द्यायचं.
केस जातात तिकडे जायचं. उलट्या दिशेने नंतर कधीतरी,
पुढच्या वर्षी.
सगळं आजच यायला हवं असं नाही.

अर्धा गाल मी केला,
उरलेला त्याच्यावर सोडला.
मध्येच थांबून त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.
मी भिंतीकडे पाहिलं.
भिंतीवर पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

परतताना पुलावर
नदी बर्फाखाली घोगरं काहीतरी बोलत होती, आणि आठवलं:
माझ्या धाकट्याला हे कुणी शिकवलं?
त्या हिवाळ्यात मी रोज रात्री बारापर्यंत
दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासत होतो.
बिश्केकला असतो आता. दाढी राखली आहे.
फोन काढला, हातमोजा काढला,
पुन्हा घातला.

सोमवारी बेक्तूरच्या वहीत
सिद्धतेखाली चार ओळी होत्या.
तिसरी साफ चूक.
लाल पेन उचललं,
ठेवलं.
पेन्सिलीने तिच्या कडेला बारीक लिहिलं:
कोन बघ.