पिछाडी

माझं काम सोपं आहे, सगळ्यांच्या मागे राहायचं.
पहाटे पाचला, पुलापलीकडच्या खडीवर
यित्का टॉर्चच्या उजेडात डोकी मोजते.
नऊ, स्वतःला धरून.
अठ्ठावीस वर्षं तिनं व्हँकूव्हरमध्ये बस चालवली,
मोजल्याशिवाय तिचं दार अजून लागत नाही.

मग जंगल. सीडरची खोडं इतकी जाड
की त्यांना वळसे घालता घालता वाट
कुठं निघाली होती तेच विसरते.
ओर्व्हिल अस्वलासाठी टाळ्या वाजवतो,
"आलो रे बाबा, आम्हीच आहोत,"
दरवर्षी तेच, त्याच वळणावर.

मला दिसतात त्या नुसत्या पाठी.
डेल्फीनच्या सॅकला लटकलेला पत्र्याचा कप
उतारावर टिणटिणतो, चढावर गप्प.
तोमोएची सॅक भावाची, खांद्यांपेक्षा रुंद.
आणि मेरिक, आज पहिल्यांदाच,
सॅक कोरी करकरीत, किमतीची चिठ्ठी तशीच.
बोलणारे पुढच्याशी बोलतात.
मागे पोचतो घाम, संत्र्याच्या सालीचा वास
आणि कुणाच्या तरी घटस्फोटाचं
अर्धं वाक्य.

झाडं संपली की घसारा.
दोन पावलं वर, दीड पाऊल खाली.
"दगड!"
एवढा एकच शब्द, आणि सगळे डोंगराला चिकटलेले.
तो माझ्या कानाशेजारून गेला
आणि बराच वेळ जातच राहिला.
खाली खाडीत फेरीबोट, नखाएवढी,
बेटाकडे निघालेली.
तिचा भोंगा आमच्यापर्यंत आला तेव्हा
ती टोकाआड गेलीसुद्धा होती.

मग कातळटप्पा.
तीन आधार धरून ठेवायचे, चौथा हलवायचा,
दोन हात, दोन पाय, मोकळं एकच.
मेरिकचे चारही अडकले.
गुडघा उकळत्या किटलीच्या झाकणासारखा
थडथडायला लागला,
आणि तो कातळाला म्हणाला, "सॉरी."

मी खालून त्याच्या बुटाला तळहात लावला.
जोर नाही दिला. नुसता लावला.
त्याची थरथर माझ्या कोपरापर्यंत उतरली.
"टेक पाय," म्हणाले, "खाली जमीन आहे."
ती जमीन मी होते,
आणि माझ्याखाली बरंच काही नव्हतं,
पण ते सांगायची ती वेळ नव्हे.

एक वाजला.
माथा समोरच, हाक मारली तर ओ देईल इतका,
वर कुणीतरी रचलेली दगडांची लगोरी.
समुद्राकडून ढग येत होते, काही न बोलता.
"एक म्हणजे एक," यित्का म्हणाली.
डेल्फीन भांडली. दहा मिनिटं, फक्त दहा!
ओर्व्हिल, सत्तरीचा, इथवर तिसऱ्यांदा आलेला,
त्यानं माथ्यावर उघडायचा सार्डिनचा डबा
तिथंच उघडला
आणि तेलकट बोटांनी प्रत्येकाच्या हातावर
एकेक मासा ठेवला.
मग कप वाजला. म्हणजे डेल्फीन वळली.

सगळेच वळले,
आणि क्षणभर मी सर्वांत पुढे.
समोर एकही पाठ नाही.
नुसता उतार, त्याखाली करडं पाणी, त्यावर काहीच नाही.
लोक ज्यासाठी पहाटे उठतात ते हेच असणार.
मला ते सोसेना.
मी कडेला सरकले, "जा पुढे" म्हणाले,
आणि एकेक जण जवळून गेला.
दिवसभरात पहिल्यांदाच चेहरे दिसले.
तोमोएच्या हनुवटीवर चिखल, ओर्व्हिलच्या मिशीत तेल,
मेरिक हसत होता, कशाला ते त्यालाही ठाऊक नसावं.
चिठ्ठी कातळावरच कुठंतरी राहिली होती.

अंधारात, खडीवर, नऊ.
यित्का वहीत तारीख लिहिते,
माथ्याच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढते,
आणि गाडीचं दार लावते.
ते अर्धं वाक्य कुणाचं होतं
ते मी विचारलं नाही.
बूट सोडताना पाहिलं,
माझ्या तळहातावर मेरिकच्या टाचेची नक्षी
अजून होती.