फाटकाजवळच्या बाकावर, नव्या बापाला

बस इथं. फाटक दहाला उघडतं.
मुलगा तुझा? सहाचा असेल.
त्याचा हात इतका घट्ट धरू नकोस,
त्याच हातानं त्याला बोलायचंय.

मी ओगोला, समोरच्या बेटावरचा.
रात्री तळ्यात कंदील सोडून ओमेना धरतो,
उजेडाला भुलणारी ती करंगळीएवढी मासळी.
माझी पोरगी अवूर. मध्यरात्री जन्मली म्हणून अवूर.
हौसेनं नाव ठेवलं, आणि सहा वर्षं
तिच्या पाठीमागून ओरडत राहिलो.

काय काय केलं म्हणून सांगू!
कानात तेल घातलं, पाद्रीबाबांचा हात डोक्यावर ठेवून घेतला,
एक बोकडही दिला, कुणाला ते विचारू नकोस.
शेजारी म्हणायचे, बिचारी. मीही म्हणायचो.
तो शब्द तिला ऐकू जात नव्हता,
पण आमच्या तोंडाचा तो आकार तिला पाठ होता.
एकदा भिजलेल्या मांजराकडे बघून तिनं तसाच चेहरा केला,
ओठ लोंबवून, मान कलती करून.
मला हसू आलं.
मग पुष्कळ वेळ काहीच आलं नाही.

इथं आणली त्या दिवशी आपोंदीबाई,
त्याही बहिऱ्याच, घाबरू नकोस,
तिच्यासमोर मातीत बसल्या आणि त्यांचे हात सुरू झाले,
पाण्यावर जाळं उलगडावं तसे.
अवूर बघत राहिली. माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.
सहा वर्षं मी बोलत होतो,
तिच्याशी कुणीतरी बोललं ते त्या दिवशी.

सुट्टीत आली ती दहा बोटांत जत्रा घेऊन.
बापाला शिकवायला बसली. मी ढ.
दोर ओढून ओढून ही बोटं लाकडाची झालेली,
‘पाणी’ म्हणायला जातो, होतं भलतंच.
ती पोट धरून हसते,
मग माझा अंगठा हळूच आत दुमडते,
वल्हं धरायला मी तिला शिकवलं होतं, तस्संच.

आणि हे कुणाला खरं वाटत नाही, तरी ऐक.
ऑगस्टातली पहाट. सहा नावा परत येतायत,
मोटरी धडधडतायत, काठावर बायका ओरडतायत,
व्यापारी ओरडतायत. त्या वेळी तळ्यावरचे
आम्ही सगळेच बहिरे.
आणि ही खडकावर उभी, नऊ वर्षांची, दोन्ही हात वर:
इथं भाव पडलाय. पलीकडच्या धक्क्यावर जा,
बर्फाचा ट्रक तिकडे गेला.
आणि बाबा, टोपी उलटी घातलीयस.
मी नाव वळवली. पाच जण नुसते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ओदेरो दारात.
‘तुझी पोरगी आम्हाला शिकवेल का रे?’
मी तिला विचारलं. म्हणाली, फुकट नाही,
महिन्याला टॉर्चचे चार सेल.
वसतिगृहात नऊला दिवे जातात ना,
मग एकीनं टॉर्च धरायची, दुसरीनं गोष्ट सांगायची.
सेल मेले की राजकन्या
पहाटेपर्यंत मगरीच्या तोंडात.

आता मेकॅनिक व्हायचंय म्हणते.
मोटरीवर तळवा ठेवते आणि सांगते, इथं अडतंय.
तिथंच अडत असतं.

मलाही इथं नाव मिळालं. भुवईवरून बोट असं तिरकं,
हा गळ लागलेला व्रण दिसतोय ना, तो.
ओगोला हे आईबापांनी ठेवलेलं, हे या पोरांनी.
तुझ्या मुलालाही देतील आठवड्याभरात,
आपल्याला विचारणार नाहीत.

बघ, उघडलं फाटक.
तो हात सोडवतोय तुझा. सोड की.
जाऊ दे त्याला, तू इकडे बस, नाव अजून तासभर नाही.
‘पाणी’ असं करायचं.
नाही. अंगठा आत.