मनोरीहून तीन नंबर

इनास मुर्झेलोच्या घरामागे, उंडीच्या झाडाखाली
ती पालथी पडली होती. पाठीवर ऑइल पेंटचा ३.
एक, दोन आणि चार कुठे गेल्या
त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
सावलीत राहिली तेवढी नारिंगी,
बाकीचा रंग रोज सहा चहा पिणाऱ्याच्या दातांचा.

हे मला कळतं. मी कवळ्या बनवते,
मालाडला, एका जिन्याच्या तोंडाशी, बावीस वर्षं.
भेग डोळ्यांनी शोधायची नसते, नखानं शोधायची.
उकिडवी बसून तळावरून नख फिरवत गेले
या टोकापासून त्या टोकापर्यंत, साडेदहा फूट.
कोंबड्या बाजूला सरकल्या.
बसायच्या जागेच्या बरोबर खाली नख अडलं.

"एम-सील लावलंय," इनास म्हणाला.
"या प्लास्टिकला काहीच चिकटत नाही," मी म्हटलं,
"वितळवून त्याचंच त्याला जोडावं लागतं."
त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं
आणि अठराचे सोळा केले.

वल्हं एक, दोन तुकड्यांचं, मधला खटका ढिला.
जॅकेट फुकट. चेन अर्ध्यावर थांबते.
पाणी उपसायला तेलाचा कापलेला कॅन.
"कोणासाठी?"
"भाच्यासाठी."
मला भाचा नाही. भाची आहे, नाशकात,
तिला बोटीच्या चित्रानंही मळमळतं.
पण एक्कावन्नाव्या वर्षी बाईनं स्वतःसाठी कयाक घ्यावी
हे वाक्य मी घरून तयार करून आणलं नव्हतं.

चौदाला सौदा तुटला. नोटा त्याच्या बायकोनं मोजल्या, दोनदा.

मग न्यायचं निघालं.
टेम्पो भाईंदरवरून वळसा घालून येणार, चार हजार.
फेरीबोटवाला मोटारसायकल घेतो, बोकडही घेतो,
ही नको म्हणाला.
इनासनं खाडीकडे हनुवटी केली. "हे काय समोर मार्वे.
साडेचारला पाणी भरून थांबेल. भांगाचं पाणी, जोर नाही.
भाच्याला सांगा, फेरीच्या मागून निघायचं, पुढून नाही.
नाक जेट्टीवर नाही धरायचं, त्या नारळांवर धरायचं,
जेट्टीवर पाणीच नेतं."
"सांगते."

मग न विचारता त्यानं आत हात घालून
पाय टेकायच्या खुंट्या तीन खाचा मागे ओढल्या.
माझ्या पायांकडे बघितलं. अजून एक खाच.
"भाचा बुटका असेल."
"माझ्याएवढाच."
"पोहता येतं?"
"दहा वर्षांची... दहा वर्षांचा असताना शिकला."
तो काही बोलला नाही. टोक धरून
गुडघाभर पाण्यात ढकलत आला.

पहिली दहा वल्ही मी गोल फिरले.
जेट्टीवर कोणीतरी शिटी वाजवली.
मग लक्षात आलं, उजवाच चालतोय,
कानस धरणारा, बावीस वर्षांचा कमावता हात.
डाव्याला म्हटलं, ऊठ बाबा, तूही लाग कामाला.

मध्यावर उत्तरेकडे पॅगोडाचं टोक, खाली हिरवट काळं पाणी,
चिखलाचा आणि डिझेलचा वास.
भेगेतून पाणी येतंय हे आधी सलवारीला कळलं, मग मला.
थंड नव्हतं.
फेरीची लाट आली. मी वर गेले, कॅन वर गेला,
दोघं खाली आलो,
आणि माझ्या तोंडून असा एक आवाज निघाला
जो मी शाळेनंतर ऐकला नव्हता.

फेरीला पाच मिनिटं लागतात. मला चाळीस लागली.
वाळूला टेकले तेव्हा पिशवीत फोन वाजत होता.
"पोचला का भाचा?"
"पोचला. भिजलाय."
"खटका तेवढा बदलून घ्या," इनास म्हणाला, ठेवला.

आता ती रिक्षा स्टँडच्या भिंतीला टेकून उभी,
खाली थेंब थेंब खाडी.
रिक्षावाला तिच्याकडे बघतो, माझ्या सलवारीकडे बघतो,
टपावर हात ठेवून अंदाज घेतो,
दोरी आहे का, विचारतो.